हैदराबाद संस्थानचा कायदा शोधताना : मराठवाड्यातील विधि-अभ्यासकाची साधने

मराठवाड्यातील जमिनीचा एखादा जुना वाद संशोधनासाठी हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो कायदा काय म्हणतो हा नसून, कोणता कायदा हा होय. पुणे किंवा सातारा येथील अभ्यासकाला हा प्रश्न सहसा पडत नाही. तेथील कायद्याची परंपरा मुंबई इलाख्यापासून सरळ चालत आलेली आहे. तिचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, तिच्या सूची तयार आहेत आणि तिचे निर्णय-संग्रह बहुतेक वकिलांच्या कपाटात आढळतात. मराठवाड्याचा कायदा मात्र चार राजवटींच्या थरांनी बनलेला आहे, आणि त्यातील सर्वांत खालचा थर उर्दू भाषेत, फसली सनात आणि आज सहजासहजी न मिळणाऱ्या राजपत्रांत आहे. छत्रपती संभाजीनगर येथील ग्रंथालयांत बसून हा थर कसा उलगडावा, कोणत्या साधनाचा कोठे उपयोग होतो आणि अभ्यासकाची फसगत कोठे होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या थरांचा कालक्रम प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या प्रदेशात निजामाची फर्माने आणि संस्थानच्या विधिमंडळाने केलेले कायदे चालत. त्यानंतर जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी प्रशासनाच्या काळात 'रेग्युलेशन' या नावाने कायदे निघाले. जहागिरी नष्ट करणारे १३५८ फसलीचे रेग्युलेशन हे त्यांतील सर्वांत दूरगामी. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हे संविधानातील 'ब' वर्गाचे राज्य झाले आणि तेथपासून १९५६ पर्यंत कुळवहिवाट, अतियात चौकशी, इनाम-निर्मूलन असे महत्त्वाचे कायदे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आहेत.

राज्य बदलले म्हणून कायदा बदलतो, अशी समजूत विद्यार्थ्यांत फार आढळते. ती चुकीची आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम १९५६ च्या कलम ११९ ने स्पष्ट सांगितले की, भूप्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला तरी सक्षम विधिमंडळ अन्यथा ठरवीपर्यंत त्या भूप्रदेशातील कायदे तेथेच, तेवढ्याच क्षेत्रापुरते चालू राहतील. मुंबई पुनर्रचना अधिनियम १९६० च्या कलम ८७ मध्येही तीच योजना आहे. यामुळेच १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आणि १९५४ चा हैदराबाद इनामे व रोख अनुदाने निर्मूलन अधिनियम हे आजही मराठवाड्यातील न्यायालयांपुढे वाचले जातात, आणि इनाम-निर्मूलनाच्या अधिनियमात तर अलीकडच्या दशकातही दुरुस्त्या झालेल्या आहेत. उलट, १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने निरसित केला. तथापि १५ ऑगस्ट १९६७ रोजी संहिता अमलात येण्यापूर्वी निर्माण झालेल्या हक्कांचा उगम शोधताना तोच जुना कायदा उघडावा लागतो. निरसित कायदा म्हणजे मेलेला कायदा, हे समीकरण जमिनीच्या क्षेत्रात टिकत नाही.

येथे फसली सनाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण अनेक प्रबंधांतील तारखा याच ठिकाणी चुकलेल्या दिसतात. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरच्या सुमारास आजुर महिन्याने सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावेत म्हणजे इसवी सन मिळतो. त्यानुसार १३१७ फसली म्हणजे १९०७-०८ आणि १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. जहागीर-निर्मूलनाचे रेग्युलेशन १५ ऑगस्ट १९४९ रोजी आले ते याच वर्षात बसते. इतर प्रांतांत फसली वर्ष उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्याच्या आरंभी सुरू होत असल्याने तेथील कोष्टक हैदराबादच्या कागदाला लावले तर काही महिन्यांपुरती वर्षाची चूक होते. कुळाचा ताबा अमुक दिनांकापूर्वी होता की नंतर, यावर ज्या दाव्याचा निकाल अवलंबून आहे, त्यात ही चूक लहान म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण शब्दांची. हैदराबादच्या महसुली कायद्यात 'पट्टेदार' म्हणजे ज्याचे नाव सरकारी दप्तरात नोंदलेले आहे आणि सारा भरण्याबद्दल जो सरकारला थेट जबाबदार आहे तो इसम. जमीन प्रत्यक्ष त्याच्या ताब्यात असो वा नसो. आजच्या मराठीत 'पट्टा' या शब्दाला भाडेपट्ट्याचा अर्थ चिकटलेला असल्यामुळे नवखा वाचक पट्टेदाराला भाडेकरू समजतो आणि सगळा कागद उलटा वाचतो. 'शिकमीदार' आणि 'आसामी शिकमी' यांतील भेद त्याहून सूक्ष्म आहे : पहिल्याला पट्टेदाराप्रमाणेच जमिनीत हक्क असतो, दुसरा मात्र पट्ट्याने जमीन कसणारा असतो. १३५४ फसलीचा आसामी शिकमींचा कायदा हा कुळकायद्याचा पूर्वज आहे, हिस्सेदारांचा कायदा नव्हे, हे या भेदावरूनच कळते. इनाम-निर्मूलनाच्या अधिनियमातील 'काबिज-ए-कदीम' ही संज्ञाही अशीच आहे. इनाम दिले गेले त्या वेळी जो ताब्यात होता, किंवा जमीन सरकारजमा होण्यापूर्वी किमान बारा वर्षे जो सतत ताब्यात होता, आणि जो इनामदाराला केवळ जमीनमहसूल देत होता, असा इनामदाराहून वेगळा धारक या संज्ञेने ओळखला जातो. 'जुना कब्जेदार' असे तिचे भाषांतर करून भागत नाही. व्याख्येतील प्रत्येक अट स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश इंग्रजी पारिभाषिक शब्दांसाठी उत्तम आहे, परंतु या उर्दू संज्ञांसाठी मूळ कायद्यातील व्याख्या-कलम हाच खरा कोश होय.

आता साधनांकडे वळू. संस्थानी काळातील कायदे व अधिसूचना 'जरीदा-ए-ऐलामिया' या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होत. उच्च न्यायालयाच्या आणि संस्थानच्या न्यायिक समितीच्या निर्णयांसाठी 'दक्कन लॉ रिपोर्ट' ही उर्दू निर्णयमाला पाहावी लागते. १९५० नंतरचे हैदराबाद उच्च न्यायालयाचे निर्णय 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या हैदराबाद मालेत आणि नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या हैदराबाद विभागात इंग्रजीत मिळतात. १९५६ नंतरचे निर्णय मुंबई मालेत, १८९९ पासून चाललेल्या 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'मध्ये आणि 'महाराष्ट्र लॉ जर्नल'मध्ये शोधावेत. सरकारी अधिकाराने प्रसिद्ध झालेल्या निर्णयमालेखेरीज अन्य माला ऐकून घेण्यास न्यायालय बांधील नाही, असे १८७५ च्या कायद्यात म्हटले होते. व्यवहारात वकिलांनी आणि न्यायाधीशांनीही ते मनावर घेतले नाही आणि खाजगी मालाच अधिक खपल्या.

राजपत्र आणि गॅझेटियर यांतील गोंधळ अलीकडे फार वाढलेला आहे. निजामकालीन दप्तरांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींना महत्त्व आले. त्यानंतर 'हैदराबाद गॅझेट' मागत येणाऱ्या वाचकांची कल्पना सहज करता येते. परंतु गॅझेट म्हणजे राजपत्र : त्यात कायदे, नेमणुका, अधिसूचना असतात. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाचे वर्णन : लोकसंख्या, जाती, पिके, इतिहास. १८८४ चे औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर आणि १९०९ मधील इम्पीरियल गॅझेटियरचा हैदराबाद संस्थानावरील खंड हे दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यात समाजाची एकत्रित संख्या मिळेल. एखाद्या कुटुंबाची नोंद मिळणार नाही. ती हवी असल्यास गावनिहाय महसुली दप्तर, जन्म-मृत्यूची नोंदवही किंवा शाळेची प्रवेश-नोंदवही यांकडे जावे लागेल. वाचक ज्या शब्दाने मागणी करतो तो शब्द आणि त्याला खरोखर लागणारे साधन यांत असे अंतर असते, आणि ते ओळखणे हे ग्रंथपालाचे पहिले कौशल्य आहे.

महसुली दप्तरांपैकी १९५४-५५ चे खासरा पहाणी पत्रक मराठवाड्यात विशेष मोलाचे मानले जाते, कारण विलीनीकरणानंतरची आणि राज्य पुनर्रचनेपूर्वीची कब्जाची स्थिती त्यात दिसते. इनाम आणि वक्फ जमिनींच्या प्रश्नात अतियात कार्यालयाचा 'मुन्तखब', म्हणजे अनुदान व वारसा मान्य करणारा उतारा, निर्णायक ठरू शकतो. संरक्षित कुळांच्या नोंदवह्याही याच वर्गात येतात. ही साधने ग्रंथालयात नसून तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयांच्या अभिलेख-कक्षांत असतात. ज्यास सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा अधिकार आहे त्यास फी भरून प्रमाणित नक्कल मागता येते. हा अधिकार पूर्वी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील कलम ७६ खाली होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ मध्ये आहे. त्याखेरीज माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम आहेच. ऐतिहासिक दप्तरांसाठी महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालय जवळचे. मात्र संस्थानचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेत राहिले असल्यामुळे तारनाका येथील तेलंगण राज्य पुराभिलेखागाराची वारी बहुधा टळत नाही. १८९१ मध्ये स्थापन झालेले, पूर्वी आसफिया म्हणून ओळखले जाणारे अफजलगंज येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही उर्दू कायदेग्रंथांसाठी पाहण्याजोगे आहे.

सूची पाहताना नावांचे बदल लक्षात ठेवावे लागतात. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. तत्पूर्वीचा प्रत्येक ग्रंथ आणि निर्णय 'औरंगाबाद' या नावाखालीच नोंदलेला आहे. २०१२ मध्ये राज्यातील अनेक अधिनियमांच्या नावांतील 'मुंबई' जाऊन तेथे 'महाराष्ट्र' आले, परंतु हैदराबादच्या अधिनियमांचे नाव तसेच राहिले. तेलंगणात मात्र तोच १९५० चा कुळकायदा आंध्र प्रदेश (तेलंगण क्षेत्र) असे नाव धारण करून पुढे चालला. कर्नाटकात गेलेल्या जिल्ह्यांत त्याची जागा १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्याने घेतली. एकाच मूळ कायद्यावरील निर्णय अशा रीतीने तीन उच्च न्यायालयांच्या मालांत, निरनिराळ्या नावांनी विखुरलेले आहेत. ते सर्व वाचणे उपयुक्त असले तरी ते सरसकट लागू करणे धोक्याचे आहे. इनाम-निर्मूलनाच्या अधिनियमातील ज्या तरतुदी तेलंगणात १ नोव्हेंबर १९७३ रोजी अमलात आल्या, त्या महाराष्ट्रात त्याच्या पुष्कळ आधी आलेल्या होत्या. हैदराबादच्या निर्णयातील 'निहित होण्याचा दिनांक' उचलून तो परभणीच्या जमिनीला लावणाऱ्याचा सगळा युक्तिवाद त्यामुळे कोसळतो. प्रत्येक दुरुस्तीच्या खाली ती कोणत्या राज्याने केली हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कायदा लोकांना सापडला पाहिजे, ही केवळ ग्रंथपालांची हौस नाही. तो कायद्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरला विरुद्ध राजस्थान राज्य हे प्रकरण आले. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून अफूविषयीचा एक कायदा संमत केला होता, पण तो ना राजपत्रात छापला ना अन्य रीतीने जाहीर केला. त्याखाली आरोपीला ५० रुपये दंड झाला होता. नागपूर उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निर्णय दिला की, ज्यांना तो पाळावयाचा त्यांना कळण्याची कोणतीही सोय न करता बंद दाराआड केलेला ठराव कायदा होऊ शकत नाही. दंड रद्द झाला. संस्थानी कायद्याच्या अभ्यासकाने हे प्रकरण मुळातून वाचावे. जरीद्यातील प्रसिद्धीचा दिनांक शोधण्यात घालवलेला दिवस वाया का जात नाही, हे त्यातून कळते. १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात त्याच न्यायालयाने याच्याशी जवळचे तत्त्व सांगितले : तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला अपील करता यावे म्हणून निर्णयाची प्रत विनामूल्य आणि वेळेवर मिळाली पाहिजे.

या कसोटीवर आपल्याकडील व्यवस्था कोठे बसते? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १८९१ मध्ये कायदा करून परगण्यांत सार्वजनिक विधि-ग्रंथालये स्थापिली आणि दिवाणी दाव्याच्या दाखल शुल्कातील अंश त्यांना लावून दिला. न्यायालयात जाणाऱ्याच्या पैशावरच, न्यायालयात जाऊ शकणाऱ्या प्रत्येकासाठी ग्रंथालय चालावे, अशी ही युक्ती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ ने राज्य मध्यवर्ती, विभागीय व जिल्हा ग्रंथालयांची रचना केली, पण विधि-ग्रंथालय असा वेगळा वर्ग त्यात कल्पिलेला नाही. प्रत्यक्षात समृद्ध संग्रह आहेत ते न्यायाधीशांचे, वकील संघांचे आणि शिक्षणसंस्थांचे. या शहरात १९५६ पासूनचे माणिकचंद पहाडे विधि महाविद्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विधि विभाग आहे, २०१७ मध्ये सुरू झालेले महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे. १९८१ मध्ये येथे उच्च न्यायालयाचे पीठ बसू लागले. त्याला आव्हान दिले गेले, १९८२ मध्ये नारायण शामराव पुराणिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि १९८४ मध्ये ते कायम झाले. पुराणिक प्रकरणात खेड्यातील पक्षकाराला न्याय त्याच्या जवळ मिळावा हा विचार महत्त्वाचा ठरला होता. न्यायालय जवळ आले. न्यायालयात वाचला जाणारा ग्रंथ मात्र सामान्य पक्षकाराच्या तितकासा जवळ आलेला नाही. शासकीय विभागीय ग्रंथालयात तो जाऊ शकतो, पण तेथील संग्रह सर्वसाधारण वाचकासाठी असतो.

संगणकीय साधनांनी हे अंतर काहीसे कमी केले, हे मान्य केले पाहिजे. केंद्राचे अधिनियम 'इंडिया कोड'वर आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे प्रकाशित निर्णय २०२३ पासून 'ई-एससीआर'वर विनाशुल्क मिळतात, शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर आहेत. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात २००७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाचा मूळ मजकूर आणि संपादकाने त्यावर केलेले काम यांत फरक केला. मूळ मजकूर सर्वांचा आहे. संपादकाचा शिरोभाग त्याचा स्वतःचा आहे. मात्र या सर्व साधनांची मर्यादा मराठवाड्याच्या अभ्यासकाला लगेच जाणवते. ती इंग्रजी मुद्रणापासून सुरू होतात. फसली काळातील उर्दू थर त्यांत जवळजवळ नाही. शिवाय पडद्यावर दिसणारा अधिनियम हा बहुधा आजचा असतो. १९६० मध्ये एखादे कलम कसे होते, हे जाणण्यासाठी त्या वर्षाच्या आसपासची छापील आवृत्ती आणि नंतरचे दुरुस्ती-अधिनियम समोर ठेवून मजकूर मागे मागे न्यावा लागतो. म्हणून जुन्या आवृत्त्या 'कालबाह्य' म्हणून रद्दीत काढणारे विधि-ग्रंथालय स्वतःच्या हाताने आपला सर्वांत दुर्मीळ विभाग नष्ट करीत असते.

ग्रंथपालाकडून कोणते साहाय्य मागावे, याविषयीही विद्यार्थ्यांत गैरसमज आहेत. कायदा कोठे आहे, त्याची कोणती आवृत्ती प्रमाण आहे, त्यावरील निर्णय कोणत्या मालेत मिळतील, एखादा निर्णय पुढे फिरविला गेला का हे कसे पाहावे, हे सर्व ग्रंथपालाने सांगावे. 'माझी जमीन मला परत मिळेल का?' या प्रश्नाचे उत्तर त्याने देऊ नये. तो सल्ला झाला, आणि सल्ल्याची जबाबदारी वकिलाची आहे. ही रेघ कडक वाटली तरी ती वाचकाच्याच हिताची आहे, कारण चुकीच्या सल्ल्यामुळे मुदत टळली तर वाचकाला दाद मागण्यास जागा उरत नाही. पण रेघेच्या अलीकडे उभे राहून वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवणे हेही कर्तव्यच्युती होय. अशा वाचकाला जिल्हा न्यायालयातील विधि सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अटकेतील इसम यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य साहाय्याचा हक्क आहे; इतर अनेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. हे कलम ग्रंथालयाच्या दर्शनी फलकावर मराठीत आणि उर्दूतही लावण्यास काही खर्च येत नाही.

उरतो तो उर्दू वाचण्याचा प्रश्न. मराठवाड्याच्या विधि-संशोधनातील हा खरा अडसर आहे, आणि तो दरवर्षी वाढत आहे. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून कायदा शिकलेली वकिलांची पिढी आता राहिलेली नाही. त्यांच्या पुढच्या पिढीला कागद वाचता येई. तिसऱ्या पिढीला ते कपाटात कोठे ठेवले आहेत एवढेच ठाऊक आहे. निवृत्त वकिलांच्या घरांतील दक्कन लॉ रिपोर्टचे खंड वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या हाती पडण्यापूर्वी विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ते मागून घेतले पाहिजेत. शहरात उर्दू विभाग आहेत, विधि विभाग आहेत. महसुली उर्दू आणि मोडी यांचा एखादा संयुक्त अल्पमुदतीचा वर्ग पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चालविणे अवघड नाही. त्याचा आरंभ १३१७ फसलीच्या कायद्यातील व्याख्या-कलमाच्या वाचनाने करावा. पट्टेदार, शिकमीदार आणि आसामी शिकमी हे तिघे एकदा नीट ओळखीचे झाले की पुढील कागद आपोआप वाचला जाऊ लागतो.